चार गोलांची कमाई

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभा राहतो, हिरवे मैदान उभे राहते आणि ऑलिंपिकमधली आपली जुनी सुवर्णपदके चमकू लागतात. ते स्वाभाविकच आहे. पण कॅनडात जाऊन कोणापाशी हॉकीचा विषय काढाल, तर त्याच्या डोळ्यांपुढे गवत येणार नाही, बर्फ येईल. तिकडे नुसती 'हॉकी' म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या हॉकीला ते लोक आवर्जून 'मैदानी हॉकी' म्हणतात. जणू काही खरी लेक ती आणि आपली सावत्र!

दिवाळीच्या अंकात या सदराला जागा थोडी ऐसपैस मिळते. तेव्हा या खेपेस जरा लांबच्या, बर्फाच्या मुलखात जाऊन येऊ. चकल्या-कडबोळ्यांचे ताट पुढ्यात असताना बर्फाची गोष्ट ऐकायला कोणाची हरकत नसावी.

ज्याची गोष्ट सांगायची आहे त्याचे नाव विली ओरी. धंदेवाईक बर्फ-हॉकीतली जगातली सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग. तीत हा गृहस्थ सगळे मिळून ४५ सामने खेळला आणि गोल केले अवघे चार. एखाद्या मुलाने एवढ्या मोठ्या परीक्षेत एवढेच गुण आणले असते तर आपल्या घरोघरी काय बोलणी झाली असती, ते मी सांगायला नको. आणि तरीही त्या चार गोलांवर आज सारा कॅनडा जीव टाकतो. असे का, हेच पाहायचे आहे.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे गुळगुळीत बर्फाचे अंगण. त्याच्या चहूबाजूंनी कठडा. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा गडी. पायांत बूट, बुटांच्या तळाशी पोलादी पाती, हातात लांब दांड्याची काठी. आणि चेंडूच्या जागी कडक रबराची एक चपटी चकती. तिला 'पक' म्हणतात. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि सहा औंसांच्या आतबाहेर वजनाची ही चकती सामन्याआधी गोठवून ठेवतात, म्हणजे ती उसळत नाही. चांगल्या खेळाडूने ताकदीने मारली की ती ताशी शंभर मैलांच्या वेगाने जाऊ शकते. आणि १९५०च्या सुमाराला बहुतेक खेळाडू या बर्फावर उघड्या डोक्याने उतरत. गोलरक्षकाने तोंडावर मुखवटा चढवण्याची पद्धतदेखील रूढ होऊ लागली ती १९५९ साली मॉन्ट्रियलच्या जाक प्लांटने तो चढवल्यानंतर. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज लागणार आहे.

विलीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ रोजी कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यू ब्रन्स्विक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन गावी झाला. तेरा भावंडांतले हे शेंडेफळ. त्याचे पूर्वज अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटून उत्तरेला आलेले. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वडील नगरपालिकेच्या रस्त्यांच्या कामावर होते. हिवाळा सुरू झाला की ते परसात पाणी सोडत. रात्रीतून ते गोठे आणि सकाळी पोरांना खेळायला अंगण तयार होई. आपल्याकडे पोरे चालायला लागली की चेंडूमागे धावतात; विली तिसऱ्या वर्षी बर्फावर घसरू लागला आणि पाचव्या वर्षी रीतसर संघातून खेळू लागला. धक्का कसा द्यावा आणि कसा सोसावा, हे थोरल्या भावाने शिकवले. या खेळात ती अर्धी विद्या आहे.

बर्फ-हॉकी हा गोऱ्यांचा खेळ, अशी पुढे समजूत झाली. पण शेजारच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सला, १८९५ सालीच कृष्णवर्णीयांची स्वतंत्र लीग सुरू झाली होती. विलीच्या जन्माच्या आधी चाळीस वर्षे! म्हणजे खेळ येत नव्हता असे नाही. सोबत खेळू दिले जात नव्हते.

विलीला बेसबॉलही तितकाच चांगला येई. त्याच्या संघाने १९४९ साली अजिंक्यपद मिळवले, तेव्हा बक्षीस म्हणून मुलांना न्यूयॉर्कची सहल घडली. तिथे ब्रुकलिनच्या मैदानात त्याला जॅकी रॉबिन्सन भेटला. हा रॉबिन्सन म्हणजे १९४७ साली अमेरिकेच्या बड्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा खेळाडू. तेरा वर्षांच्या विलीने त्याला सांगून टाकले की मी बेसबॉल खेळतो, तसा हॉकीही खेळतो. कृष्णवर्णीय मुलगा हॉकी खेळतो याचे रॉबिन्सनला नवल वाटले. पोरगा मात्र घरी परतला तो मनाशी एक खूणगाठ बांधूनच.

आता कथेतला अवघड भाग. १९५५-५६च्या हंगामात विली ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किचनर गावच्या संघाकडून कुमारांच्या गटात खेळत होता. वय वीस. एका सामन्यात गोलच्या तोंडाशी गर्दी झाली असताना कोणीतरी मारलेली चकती कशाला तरी लागून उडाली आणि थेट त्याच्या उजव्या डोळ्यावर बसली. डोक्यावर काही नाही, तोंडावर काही नाही. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितले की या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली आहे आणि यापुढे हॉकी विसरायची.

दोन महिने उलटतात न उलटतात तोच हा पठ्ठ्या पुन्हा बर्फावर हजर! त्याचा विचार साधा होता. एक डोळा गेला असेल. दुसरा तर आहे. पण एक मोठी अडचण होती. एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला घ्यायचे नाही, असा नॅशनल हॉकी लीगचा नियमच होता. तेव्हा त्याने ठरवले की याचा कुठे उच्चार करायचा नाही. संघाला कळू द्यायचे नाही, प्रशिक्षकाला कळू द्यायचे नाही. तेव्हाच्या वैद्यकीय तपासणीत डोळ्यांकडे कोणी फारसे पाहत नसे, ते त्याच्या पथ्यावर पडले.

गुपित पोटात ठेवणे सोपे. ते घेऊन खेळणे कठीण. विली खेळे लेफ्ट विंगच्या जागी. हा खेळाडू डाव्या कडेने पुढे सरकतो. म्हणजे त्याच्या डाव्या हाताला काय असते? नुसता कठडा. सारा खेळ, सारे सोबती, अंगावर धावून येणारे सारे प्रतिस्पर्धी असतात उजव्या हाताला. आणि याचा तर उजवाच डोळा गेलेला! चकती कुठून येते हे पाहायचे तर प्रत्येक वेळी संपूर्ण मान उजव्या खांद्यावरून वळवायची, आणि तेही वाऱ्याच्या वेगाने घसरत असताना. नवखे असताना त्याची चकती चुके, नेम चुके. पाहणाऱ्यांना वाटे, पोरगा वेगवान आहे, पण गोलपाशी जरा गडबडतो. त्याचे खरे कारण त्याला एकट्याला ठाऊक होते आणि ते त्याला सांगता येत नव्हते.

त्याच वर्षी, म्हणजे १९५६ साली, मिल्वॉकीच्या बेसबॉल संघाने त्याला निवडीच्या शिबिरासाठी जॉर्जियातल्या वेक्रॉसला बोलावले. अटलांटाला उतरल्याबरोबर त्याला दिसल्या त्या गोऱ्यांसाठी वेगळ्या आणि काळ्यांसाठी वेगळ्या अशा पाट्या. फ्रेडरिक्टनमध्ये टोमणे ऐकले असतील, पण अशा रंगवून टांगलेल्या पाट्या त्याने पाहिल्या नव्हत्या. शिबिरात निवड झाली नाही आणि परतीचा प्रवास बसने करावा लागला. बसायचे मागच्या बाकावर. दक्षिणेचा तसा कायदाच होता. कित्येक दिवसांच्या त्या प्रवासात गाडी जसजशी उत्तरेकडे सरकली, तसतसा विली एकेक बाक पुढे सरकत गेला. घरी पोहोचेपर्यंत त्याने बेसबॉलला रामराम ठोकला होता.

मग हॉकी ती हॉकी. क्वेबेक एसेस या संघात त्याला धंदेवाईक खेळाडू म्हणून जागा मिळाली. लीगमध्ये तेव्हा संघच मुळी सहा: बॉस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो, टोरान्टो आणि मॉन्ट्रियल. म्हणजे साऱ्या जगातून जेमतेम सव्वाशे जागा. १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टनला एक गडी हवा होता, तो त्यांनी क्वेबेकहून मागवला. सामना होता मॉन्ट्रियलला, मॉन्ट्रियलच्याच बलाढ्य संघाशी. बॉस्टनने तो ३-० असा जिंकला. विलीने गोल केला नाही, काही नेत्रदीपकही केले नाही. पण त्या रात्री नॅशनल हॉकी लीगच्या बर्फावर पहिल्यांदाच एक कृष्णवर्णीय खेळाडू उतरला होता. गंमत अशी, की आपण काहीतरी ऐतिहासिक केले हे खुद्द विलीला समजले ते दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचून! दोन सामने झाले आणि त्याला पुन्हा खालच्या लीगमध्ये धाडण्यात आले.

बॉस्टनने पुन्हा बोलावले ते १९६०-६१च्या हंगामात. तेव्हा तो ४३ सामने खेळला. १ जानेवारी १९६१ रोजी बॉस्टनमध्ये, त्याच मॉन्ट्रियलविरुद्ध, त्याने पहिला गोल केला आणि त्याच गोलाने सामना ३-२ असा जिंकला. प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. नव्या वर्षाचा तो पहिला दिवस त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणायचा.

पण सगळे दिवस असे नव्हते. कॅनडातल्या दोन शहरांपेक्षा अमेरिकेतल्या चार शहरांत त्याला अधिक सोसावे लागले. 'कापूस वेचायला जा' असे प्रेक्षक ओरडत. ज्यांचे पूर्वज मळ्यांवर राबता राबता मेले, त्यांच्या नातवाला हे ऐकवायचे! शिकागोमध्ये तर एका आडदांड प्रतिस्पर्ध्याने काठीचे टोक त्याच्या तोंडावर हाणले. नाक फुटले, पुढचे दोन दात पडले. विलीनेही मग आपली काठी त्याच्या डोक्यात घातली. नुसते शब्द असते तर त्याने कानाआड केले असते. अंगावर हात पडला की मात्र तो सोडत नसे. एकदा नमते घेतले तर आपण या लीगमध्ये दुसऱ्या दिवशी उभेच राहू शकणार नाही, हे तो ओळखून होता.

हंगाम संपला तेव्हा बॉस्टनच्या कारभाऱ्यांनी, पुढच्या वर्षीही तू हवास, असे सांगून त्याला निरोप दिला. थोडेच आठवडे लोटले आणि त्याला कळले की आपण मॉन्ट्रियलला विकले गेलो आहोत. मॉन्ट्रियलने १९५६ ते १९६० अशी लागोपाठ पाच वर्षे अजिंक्यपदाचा स्टॅनले कप जिंकलेला. तिथे याला कोण विचारतो? तिथूनही तो विकला गेला आणि येऊन पडला थेट कॅलिफोर्नियात, लॉस एंजलिसला. नॅशनल लीगचा दरवाजा मागे बंद झाला तो झालाच. वय वर्षे सव्वीस.

इथे कोणी म्हणेल, संपली गोष्ट. पण खरा विली ओरी इथून पुढेच दिसू लागतो. लॉस एंजलिसला त्याची जागा बदलली. लेफ्ट विंगवरून त्याला राइट विंगवर आणले. म्हणजे आता कठडा उजव्या हाताला, आंधळ्या बाजूला. आणि सारा खेळ डाव्या हाताला, डोळस बाजूला! मान वळवण्याचे दुखणे एका दिवसात संपले. १९६४-६५ साली त्याने ३८ गोल केले, पुढे सॅन डिएगोला १९६८-६९ साली पुन्हा ३८. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये तो पहिल्या प्रतीचा गोल करणारा म्हणून गाजला. जिथे हिवाळ्यातही समुद्रात पोहता यावे अशा त्या उबदार गावात लोक बर्फावरचा हा खेळ पाहायला येत ते त्याच्यासाठी. वयाच्या ४३व्या वर्षापर्यंत, १९७९पर्यंत तो खेळत राहिला. सारे एका डोळ्यावर!

आता मनाला टोचणारा एक प्रश्न. त्याने नियम लपूनछपून मोडला, हे बरे केले का? मी अध्यापक माणूस. वर्गात नियमांचे महत्त्व सांगणे हा माझा व्यवसाय. शिवाय तो नियम काही दुष्टपणाने केलेला नव्हता. उरलेला डोळाही जाऊ नये, ही त्यामागची काळजी. आणि विलीचा उरलेला डोळा वीस-बावीस वर्षे दर सामन्याला पणाला लागत होता, हे खरेच आहे. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर, बाबा रे, तूही असेच कर, असे मी सांगणार नाही.

पण त्याच्याजवळ न्यूने दोन होती, हे विसरून चालणार नाही. एक डोळ्याचे, ते खरे न्यून, खेळाला खरोखर बाधणारे, पण झाकता येण्याजोगे. दुसरे कातडीच्या रंगाचे. त्याचा खेळाशी काडीचा संबंध नाही, ते न्यूनच नव्हे, पण झाकता येण्याजोगे नाही. जगाने ज्याला न्यून म्हटले त्यासाठी त्याला शिव्या खाव्या लागल्या. जे खरे होते त्याचा तो एकट्याने मुकाट्याने भार वाहत राहिला. आणि नियम पाळणाऱ्यांचे काय झाले म्हणाल, तर हर्ब कार्नेगीचे उदाहरण पाहा. टोरान्टोचा, १९१९ सालचा जन्म, आईबाप जमैकाहून आलेले. दोन्ही डोळे शाबूत, आणि खेळ असा की जाणकारांनी तोंडात बोटे घालावी. विलीच्या आधी काही वर्षे तो त्याच क्वेबेक एसेस संघातून खेळला. १९४८ साली न्यूयॉर्कने त्याला बोलावून पाहिले आणि देऊ केली ती खालच्या लीगमधली, मिळत होते त्याहून कमी पगाराची जागा. त्याने ती नाकारली. नॅशनल लीगमध्ये एकही सामना न खेळता त्याची कारकीर्द संपली. हॉकीच्या सन्मान-मंदिरात त्याचे नाव लागले २०२२ साली. तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षे झाली होती. कार्नेगीला जर रंगावरून बाहेर ठेवता येत होते, तर विलीने आपल्या हाताने त्यांना आणखी एक कारण पुरवावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मला तरी ती करता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. एकजण आत गेला की त्याच्यामागे रांग लागते, अशी आपली भाबडी समजूत असते. विलीनंतर नॅशनल लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, आला तो १९७४ साली. मध्ये तब्बल तेरा वर्षे कोणीच नाही! १९६७ साली लीगने सहाचे बारा संघ केले, जागा एकदम दुप्पट झाल्या, तरीही नाही. म्हणजे दार उघडले होते ते एका माणसापुरते. तो बाहेर पडताच ते पुन्हा आपोआप लागले.

हे बहुधा विलीच्या मनातही सलत असावे. खेळ सुटल्यावर तो सॅन डिएगोजवळच्या कोरोनाडो बेटावरच्या एका नामांकित हॉटेलात सुरक्षारक्षकाची नोकरी करू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांपैकी कितीजणांना माहीत असेल की दाराशी उभा असलेला हा माणूस कोण आहे! १९९८ साली नॅशनल लीगला त्याची आठवण झाली. वंचित वस्त्यांतल्या मुलांपर्यंत हा खेळ न्यायचा, त्यासाठी तू आमचा दूत हो, अशी विनंती आली. वय बासष्ट. आपल्याकडे या वयात माणूस आरामखुर्ची आणि वर्तमानपत्र जवळ करतो. विली गावोगाव हिंडू लागला. ज्या मुलांनी बर्फावर पाय ठेवला नव्हता त्यांच्या पायांत त्याने पाती चढवली आणि वर्षानुवर्षे अशा हजारो मुलांशी तो बोलत राहिला. चकतीच्या एका फटक्याने त्याचा डोळा गेला. त्या खेळावरचा राग नाही, त्याला बाहेर काढणाऱ्या लीगवरचा राग नाही. लागलेले दार आपण उघडे धरून बसू, एवढाच हिशेब.

मानसन्मान मग आले, जरा उशिराच आले. २००८ साली फ्रेडरिक्टनच्या बर्फ-क्रीडागृहाला त्याचे नाव मिळाले. ज्या गावात त्याच्यासाठी परसातले पाणी गोठत होते, त्या गावाने! २०१८ साली टोरान्टोच्या हॉकी सन्मान-मंदिरात त्याचा समावेश झाला. खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळाची उभारणी करणाऱ्यांच्या गटात. आणि २०२२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या कॅनडावासीयाला आपले सुवर्णपदक देण्याचा कायदा केला. ज्या देशातल्या बसमध्ये त्याला मागच्या बाकावर बसावे लागले होते, त्या देशाने!

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो बॉस्टनचा समारंभ. तिकडे एखाद्या खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक कायमचा राखून ठेवण्याची पद्धत आहे. त्या क्रमांकाचा झेंडा क्रीडागृहाच्या छताला टांगतात. पुन्हा त्या संघात तो आकडा कोणी घालायचा नाही. १८ जानेवारी २०२२ रोजी, त्या पहिल्या सामन्याला बरोबर ६४ वर्षे झाली तेव्हा, बॉस्टनने विली ओरीचा २२ हा क्रमांक असा छताला चढवला. साथीचे दिवस असल्यामुळे शहाऐंशी वर्षांच्या विलीने तो सोहळा सॅन डिएगोहून, घरबसल्या पडद्यावर पाहिला.

त्याच छताखाली फिल एस्पोसिटोचा ७ क्रमांकाचा झेंडा टांगलेला आहे. या एस्पोसिटोने १९७०-७१च्या एकाच हंगामात ७६ गोल केले होते. त्याच्या रांगेत लावला तो अवघ्या चार गोलांचा झेंडा. खाली खेळणाऱ्या पोरांनी मान वर करून पाहिले, तर त्यांना दोन्ही झेंडे एकाच उंचीवर दिसतात.